प्रकटीकरण वाचा, पण जोतिबांच्या नजरेने

कसबा बावड्यात आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. त्यांचे घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, आमचे घर १९५६ नंतरचे बौद्ध. त्याआधी दोन्ही घरांचा पत्ता एकच होता, गावाबाहेरचा. त्यामुळे नात्याला धर्म आडवा आलेला नाही. नाताळला त्यांच्या करंज्या आमच्याकडे येतात, चौदा एप्रिलला आमची खीर त्यांच्याकडे जाते.

यंदा त्यांच्या नातवाच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला काढायचा होता. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरतात आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांच्या शाळेचे जुने रजिस्टर शोधणे आले. आम्ही कागदांची यादी घेऊन गेलो, तर मावशींनी यादीकडे बघितलेसुद्धा नाही. "कशाला दगदग करतोस बाबा? दिवस भरत आल्यात," म्हणाल्या आणि मोबाईल पुढे केला. मराठीत आवाज दिलेला एक व्हिडिओ होता. इस्राएल, इराण, रशियाचे नकाशे, त्यावर लाल बाण, क्षेपणास्त्रांचा धूर आणि मधून मधून बायबलातली वचने. हर्मगिदोनची लढाई तोंडावर आली आहे, खरी मंडळी आधीच वर उचलली जाईल, खाली उरतील ते भोगतील, असा एकूण मजकूर. व्हिडिओ संपल्यावर मावशींनी विचारले, "खरं असंल न्हवं? तू वाचतोस, तूच सांग."

आमचे काही कार्यकर्ते मित्र अशा वेळी एका शब्दात निकाल लावतात : अंधश्रद्धा. आम्हाला तो निकाल आळशी वाटतो. ज्या पुस्तकाच्या भरवशावर एक शहाणी बाई नातवाचे कागद बाजूला सारते, ते पुस्तक उघडून बघायला नको काय? "तुम्ही बौद्ध, तुम्हाला बायबलात नाक खुपसायचा काय अधिकार?" असेही कोणी विचारील. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतराची चिकित्सा पानेच्या पाने लिहून केली आहे. राज्य शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात ती कोणालाही वाचता येते. हा अधिकार आम्ही तिथूनच घेतला.

प्रकटीकरण हे बायबलातील शेवटचे पुस्तक लष्करी भाषेने भरलेले आहे. घोडेस्वार, तलवारी, वेढा, सेनापती, लुटलेली नगरे. मग त्याला लष्करी प्रश्नच विचारले पाहिजेत. ही लढाई कोणाची? लिहिणारा जिंकलेल्या बाजूचा की हरलेल्या? शत्रूची रसद कुठून येते? आपल्या माणसाला लढाईत नेमके कोणते काम दिले आहे? व्हिडिओवाले बाण काढतात, पण यातला एकही प्रश्न विचारत नाहीत.

ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा दशावतारांचे नेमके हेच केले होते. मत्स्य म्हणजे देव नव्हे, समुद्रमार्गे होड्यांतून आलेली टोळी. कच्छ म्हणजे तिच्या मागून आलेली दुसरी. नरसिंह म्हणजे वेष पालटून केलेला दगा. वामन म्हणजे बळीच्या राज्यावर केलेली स्वारी आणि परशुराम म्हणजे जिंकलेल्या प्रजेचा संहार करणारा सेनापती. त्यातला इतिहास आजच्या संशोधनाला शब्दशः पटेल की नाही, हा वेगळा वाद आहे. जोतिबांची नजर महत्त्वाची. पुराणातल्या चमत्काराखाली त्यांनी चढाई, ताबा आणि पराभव शोधला, आणि परशुराम चिरंजीव असेल तर त्याने सहा महिन्यांत हजर व्हावे अशी नोटीसही काढली! त्याच पुस्तकात त्यांनी येशूकडे पीडितांचा कैवारी, जणू दुसरा बळीराजा म्हणून पाहिले. म्हणजे जोतिबांच्या नजरेने येशूचे पुस्तक वाचण्यात कोणाचा अवमान होण्याचे कारण नाही.

आणि लष्कर म्हणजे काय, हे आमच्या घरांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव, मग १८९० च्या दशकात महारांची बंद केलेली भरती, त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांचा अर्ज, सुभेदार रामजी, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिलेली महार रेजिमेंट. फौजेतल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : हुकूम कोणाचा आणि रक्त कोणाचे, या दोन गोष्टी नेहमी वेगळ्या असतात.

आता पुस्तकाकडे. इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती तीत याने यरुशलेमला वेढा दिला. शहर उपासमारीने खचले, मंदिर जळाले, माणसे गुलाम म्हणून विकली गेली. रोमने या विजयाची नाणी पाडली, त्यावर खजुराच्या झाडाखाली बसलेली रडणारी बाई आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते प्रकटीकरण लिहिले गेले ते यानंतर पाव शतकाने, सम्राट डोमिशियनच्या काळात. लिहिणारा योहान पात्म बेटावर होता आणि ज्या सात मंडळ्यांना तो लिहितो त्या आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या, रोमच्या अमलाखालच्या शहरांत. हे हरलेल्यांचे पुस्तक आहे. ताबा घेणाऱ्या फौजेच्या नाकाखाली लिहिलेले आहे, म्हणून ते सांकेतिक भाषेत आहे. गनिमाच्या मुलुखातून निरोप पाठवणारा माणूस नावे घेत नसतो.

संकेत मात्र तेव्हाच्या वाचकाला अवघड नव्हते. बाबेल म्हणजे मोठी नगरी, सात डोंगरांवर बसलेली बाई. सात टेकड्यांचे शहर कोणते, हे भूमध्य समुद्राकाठचे शेंबडे पोरही सांगत असे. ६६६ या आकड्यावरून आजवर किती पोप, किती राष्ट्राध्यक्ष आणि किती बारकोड बदनाम झाले त्याला गणती नाही! इब्री अक्षरांना अंकमूल्य असते. 'नेरोन कैसर' हे नाव त्या अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि शेवटचा 'न' गाळून लॅटिन पद्धतीने नाव लिहिले की बेरीज नेमकी ६१६ होते. म्हणजे श्वापदाचा पत्ता रोम.

व्हिडिओत सर्वात भीतीदायक भाग होता फरात नदीपलीकडून येणाऱ्या वीस कोटी घोडदळाचा. निवेदक म्हणत होता, एवढी फौज फक्त चीनकडे असू शकते. अहो, फरात ही रोमची सरहद्द होती. पलीकडे पार्थियन राज्य होते, घोड्यावरून मागे वळून बाण मारणाऱ्या स्वारांचे. इसवी सनापूर्वी ५३ मध्ये कार्‍हे येथे याच स्वारांनी क्रॅससची रोमन फौज कापून काढली होती. रोमच्या अधिकाऱ्याला रात्री झोप लागू द्यायची नसेल तर एवढेच म्हणायचे, फरात आटली आणि पूर्वेचे राजे निघाले. योहानाने तेच म्हटले. आपल्याकडे एकेकाळी गावोगाव पेंढाऱ्यांच्या नुसत्या नावाने दरवाजे बंद होत, तसेच हे.

आणि हर्मगिदोन? 'हर' म्हणजे डोंगर, मगिदो हे गावाचे नाव. इजिप्तकडून दमास्कसकडे जाणारा रस्ता डोंगराच्या खिंडीतून जिथे मैदानात उतरतो, तिथे मगिदो आहे. ज्याच्या हाती खिंड त्याच्या हाती रस्ता, म्हणून तिथे लढाया होणारच. पन्हाळा-विशाळगडाच्या वाटेवरच्या पावनखिंडीचे महत्त्व ज्याला कळते त्याला मगिदो समजावून सांगावे लागत नाही. इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात त्या खिंडीतून उतरला. यहुदी राजा योशिया इसवी सनापूर्वी ६०९ मध्ये तिथेच मारला गेला. सप्टेंबर १९१८ मध्ये जनरल अ‍ॅलनबीने तुर्कांविरुद्ध तीच खिंड वापरली, आणि २० सप्टेंबरला खिंडीच्या तोंडाशी भाले घेऊन जे घोडदळ तुर्की पायदळावर तुटून पडले ते हिंदुस्थानी होते. तीन दिवसांनी हैफा घेणारे जोधपूर आणि म्हैसूरचे स्वारही हिंदुस्थानीच. अ‍ॅलनबी साहेबाला पुढे 'मगिदोचा व्हायकाउंट' हा किताब मिळाला. आपल्या माणसांची आठवण दिल्लीतल्या एका चौकातल्या तीन पुतळ्यांत उरली. हर्मगिदोन एकदा आमच्या लोकांना घेऊनही झाले आहे मावशी, आणि त्यानंतरही त्या मैदानात गहू पेरला गेला.

आता सर्वात महत्त्वाचे. पुस्तकात हर्मगिदोन येथे राजे गोळा होतात एवढेच सांगितले आहे, लढाईचे वर्णन तिथे नाही. पुढे पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो, त्याची तलवार हातात नाही, तोंडातून निघते. म्हणजे शब्द. त्याच्यामागून येणाऱ्या सेनेच्या अंगात चिलखत नाही, स्वच्छ पांढरे तागाचे कपडे आहेत. सेना एक वारही करत नाही. सगळ्या पुस्तकाचा नायक कोण, तर वधलेला कोकरा. जगातल्या कुठल्या सेनापतीने असा आराखडा मंजूर केला असता?

मग माणसांना काम काय दिले आहे? श्वापदाची खूण घेऊ नका, आणि ती न घेतल्याने जे होईल ते सोसा. काय होईल? खूण नसलेल्याला विकत घेता येणार नाही आणि विकता येणार नाही. ही ओळ आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबलोच. यात कुठला चमत्कार आला? हा तर बहिष्कार आहे! दुकानदाराने माल द्यायचा नाही, पाटलाने कामावर घ्यायचे नाही, गिरणीत दळण घ्यायचे नाही. २० मार्च १९२७ ला महाडला तळ्याचे पाणी घेतले, त्यानंतर गावोगाव आमच्या लोकांवर हेच शस्त्र चालवले गेले. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. १९३० च्या त्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे दलितांना दडपण्याचे हत्यार म्हणून नोंदवलेले आहे. महाराष्ट्राला बहिष्काराविरुद्ध कायदा करायला २०१६ साल उजाडले. जे शस्त्र योहानाने पात्म बेटावर बसून ओळखले, ते आपल्या आज्यांनी चुलीपाशी बसून ओळखले होते.

त्याच पुस्तकात बाबेल पडते तेव्हा रडतात कोण, तर राजे, व्यापारी आणि जहाजवाले. व्यापाऱ्यांच्या मालाची लांबलचक यादी दिली आहे : सोने, चांदी, मोती, रेशीम, दालचिनी, द्राक्षारस, तेल, गहू, गुरे, घोडे, रथ, आणि यादीच्या अगदी शेवटी गुलाम, माणसांचे जीव. साम्राज्याची रसद कुठून येते या लष्करी प्रश्नाचे इतके रोखठोक उत्तर आम्ही दुसऱ्या धर्मग्रंथात पाहिलेले नाही. पण व्हिडिओत ही यादी नव्हती. ती वाचली तर ऐकणारा इराणच्या क्षेपणास्त्रांकडे न बघता ऊसतोड मजुराच्या कोयत्याकडे आणि मुकादमाच्या उचलीकडे बघू लागेल. बावड्यात साखर कारखाना आहे, आमच्याकडे हे बघायला लांब जावे लागत नाही.

मग हे पुस्तक वेळापत्रक कधी झाले? मंडळी आधी गुपचूप वर घेतली जाईल आणि मग सात वर्षे संकटे, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-आयर्लंडमध्ये जॉन डार्बी याने पसरवली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांनी ती घरोघर नेली. लष्करी भाषेत हिला काय म्हणायचे? तोफा सुरू होण्याआधी आपली पलटण मागे काढून घेणे आणि गाव तसेच सोडणे. योहानाच्या मंडळ्यांना सांगितले होते, टिकून राहा. डार्बीच्या मंडळीला सांगितले, सुटका होईल. अमेरिकेत २००६ पासून 'ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्राएल' नावाची संघटना या विचारावर राजकारण करते. त्या नकाशात पॅलेस्टाईनमधल्या ख्रिस्ती माणसाला जागाच नाही. १९ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या सेंट पोर्फिरियस या प्राचीन चर्चच्या आवारावर बॉम्ब पडला, आत आसऱ्याला आलेली माणसे मेली. मावशींच्या व्हिडिओत तेही नव्हते.

कोल्हापूरशी याचा संबंध आहे, आणि तो मावशींच्या मंडळीतल्या फार थोड्यांना ठाऊक असावा. १८५२ मध्ये रॉयल वाईल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचे चर्च आजही शहरात आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये याच कोल्हापुरात जन्मला. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन येथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनसाठी नावे दिली, त्यामागे या कोल्हापूरच्या पोराची धडपड होती. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीचे ब्रीद होते, याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता. त्यांच्या एका पुढाऱ्याने विद्यापीठांविषयी पुस्तक लिहिले तर नाव दिले 'जगज्जयाची मोक्याची ठाणी'. सगळी भाषा मोहिमेची! मुक्तिफौजेने तर १८८२ मध्ये मुंबईत पाऊल ठेवले तेच फौजेचे नाव, गणवेश आणि हुद्दे घेऊन.

या मोहिमेच्या भाषेत साम्राज्याचा वास आहे, तो आम्ही लपवत नाही. 'जगज्जय' हा शब्द कोकऱ्याच्या तोंडी शोभत नाही. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सुवार्ता सर्व राष्ट्रांत पोचली की शेवट येईल, असे त्या चळवळीला स्फूर्ती देणाऱ्यांपैकी काहीजण मानत होते, आणि वेळ थोडा आहे म्हणून ते कामाला लागले. मिशनने कोल्हापुरात शाळा काढल्या, वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभारला. ज्या शाळेत मावशींचे सासरे अक्षर शिकले ती शाळा अशाच घाईतून निघाली. आज तोच शेवट मोबाईलवर येतो आणि म्हणतो, बसून राहा. बाबासाहेबांची तक्रार नेमकी इथे होती. भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उतरत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे.

आणि लढण्यासारखे आहे, म्हणून तर हा सगळा लेख. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. त्यांना अनुसूचित जातीची जागा नाही, आणि गावात जातीवरून मार खाल्ला तरी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही. म्हणून कित्येक घरे रविवारी चर्चला जातात आणि कागदावर 'हिंदू महार', 'हिंदू मांग' राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ आरक्षणासाठी धर्म दाखवणे ही संविधानाची फसवणूक ठरवली, त्यामुळे त्यांची धाकधूक आणखी वाढली आहे. खूण असेल तरच बाजारात उभे राहता येईल, हे वचन समजायला चीनचे घोडदळ कशाला हवे? आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा धर्माचा रकाना पुरे.

कोणाला वाटेल की ही खोड फक्त ख्रिस्ती लोकांना आहे. आपल्या डोक्यावर कल्की बसवला आहेच की! तोही घोड्यावर, तोही तलवार घेऊन. पण महाभारताच्या वनपर्वात तो ब्राह्मणाच्या घरी जन्मतो, म्लेंच्छांचा नाश करतो आणि पृथ्वी ब्राह्मणांच्या हवाली करतो. कलियुग बिघडल्याच्या खुणा कोणत्या? शूद्र उपदेश करू लागतील आणि ब्राह्मण त्यांची सेवा करतील. आणि ते कलियुग ४,३२,००० वर्षांचे! बाबासाहेबांनी 'रिडल्स'मध्ये विचारलेच आहे की हे युग ब्राह्मणांनी संपू का दिले नाही. दोन घोडेस्वारांत फरक एवढाच आणि एवढा मोठा : योहानाचा स्वार सिंहासनाविरुद्ध निघतो, कल्की पूर्वीची उतरंड परत बसवायला. कोणी दोघांना एकाच माळेत ओवू लागला तर त्याच्यापासून जपून राहावे.

यातले सगळे मावशींना एका बैठकीत सांगितले नाही, सांगता येतही नाही. आम्ही पुराची गोष्ट काढली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढली तेव्हा बावड्यात कितीजण म्हणत होते, प्रलय आला. पण राजाराम बंधाऱ्यावर इशाऱ्याची पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट अशी ठरलेली आहे. ज्यांनी तो आकडा ऐकून म्हशी सोडल्या त्यांच्या म्हशी वाचल्या. पाणी कधी चढते हे सांगणाऱ्या माणसाने दावे सोडायलाही सांगितले पाहिजे. नुसते पाणी दाखवून जो तुम्हाला गोठ्यात बसवून ठेवतो, तो कसला संदेष्टा?

मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि तुमचा मैत्रेय बुद्ध येणार म्हणत्यात, त्याचं काय रं?" चांगलेच पकडले. आम्ही म्हटले, "येऊ दे, पण त्याच्या वाटेकडे बघत आम्ही दाखला थांबवलेला नाही." त्या हसल्या.

चार दिवसांनी शाळेच्या रजिस्टरमध्ये आजोबांचे नाव सापडले. साल १९४८, जातीच्या रकान्यात शाईने 'महार' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'ख्रिस्ती'. नक्कल नातेवाईकालाच मिळणार होती, म्हणून मावशी स्वतः आल्या. पिशवीत बायबल, छत्री आणि आधार कार्ड. सही करताना त्यांनी लिपिकाला विचारले, "पाणी किती फुटांवर गेलंय हो?" तो म्हणाला, एकोणतीस.